जंगलातला रस्ता आखताना: सातारा–सांगलीच्या डोंगरपट्ट्यातून वारंवार येणारे प्रश्न

पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा. या तालुक्यांत रस्त्याचा विषय निघाला की बैठकीत दोन बाजू लगेच पडतात. एक म्हणते, आधी रस्ता द्या, वाघाचं नंतर बघू. दुसरी म्हणते, जंगलात डांबर नकोच. खालचे प्रश्न दोन्हीकडून आलेले आहेत. काही सरपंचांचे, काही वनहक्क समितीतल्या लोकांचे, काही नुकतेच रुजू झालेल्या कनिष्ठ अभियंत्यांचे. उत्तरांमध्ये आमचं मत जागोजागी डोकावेल, ते लपवलेलं नाही.

एका वाडीला रस्ता हवाय. त्यासाठी अख्ख्या खोऱ्याचा आराखडा कशाला?

कारण आपल्याकडे रस्ते सुटे सुटे मंजूर होतात आणि नंतर आपोआप एकमेकांना जाऊन मिळतात. एक रस्ता ३०५४ या सरकारी लेखाशीर्षातून, दुसरा ५०५४ या शीर्षातून, तिसरा डोंगरी विकास कार्यक्रमातून, चौथा आमदार निधीतून. वर्ष वेगळं, ठेकेदार वेगळा, अंदाजपत्रक करणारा माणूसही वेगळा. दहा वर्षांनी नकाशा उघडला की दिसतं, एकाच सोंडेवर दोन बाजूंनी दोन रस्ते चढलेत आणि त्यांची टोकं जंगलात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबलीत. मग कुणीतरी म्हणतं, "एवढंच राहिलंय, जोडून टाका." खोऱ्याचं पुढचं भवितव्य ठरवणारा तुकडा नेमका तोच असतो, आणि त्यावर कुणी पाच मिनिटंही विचार केलेला नसतो.

आराखडा म्हणजे जाडजूड अहवाल हवा असं नाही. गाव नकाशे एकत्र लावावेत, त्यावर राज्यमार्ग, प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), इजिमा (इतर जिल्हा मार्ग) आणि ग्रामीण मार्ग दाखवावेत, वनहद्द, ओढे आणि दरडीच्या जागा टाकाव्यात, आणि पुढच्या दहा वर्षांत कुठली वाडी कुठून जोडायची हे ठरवावं. कुठले दोन रस्ते कधीच जोडायचे नाहीत, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावं.

कधीच जोडायचे नाहीत म्हणजे? रस्ता पुढे गेला तर सोयच होते की.

गावापाशी संपणारा रस्ता आणि आरपार जाणारा रस्ता, हे दोन अगदी वेगळे प्राणी आहेत. रुंदी तीच असेल, डांबर तेच असेल, पण वाडीपर्यंत गेलेल्या रस्त्यावर वाडीचीच वाहनं येतात. दिवसाला एखादी एसटी, दुधाची गाडी, काही दुचाकी, गणपती–शिमग्याला मुंबईहून आलेल्या मोटारी. तोच रस्ता घाटमाथा ओलांडून पलीकडच्या तालुक्यात उतरला की दोन शहरांमधली वाहतूक त्यावर वळते. मग रुंदीकरणाची मागणी येते, मग ढाबे येतात, मग जमिनीचे व्यवहार सुरू होतात. वाडीच्या लोकांनी मागितलेलं यातलं काहीच नसतं.

म्हणून आमचा आग्रह असा की प्रत्येक वाडीला रस्ता मिळावा, पण तो जंगलाच्या बाहेरून आत यावा आणि वाडीत थांबावा. जंगलाचा गाभा मधोमध चिरणारा जोडरस्ता मंजूर करायचा असेल, तर तो कुठल्या गावासाठी आहे, हे आधी कागदावर दाखवावं. बऱ्याचदा दाखवता येत नाही.

मग पावसाळ्यात दरड आली की आमचं गाव तुटतं, त्याचं काय?

हा प्रश्न खरा आहे, आणि वरच्या उत्तराला थेट छेद देणारा आहे. रस्त्यांचं जाळं झाडाच्या फांद्यांसारखं ठेवलं तर कमीत कमी लांबीत सगळी गावं जोडली जातात. सहा वाड्या आणि एक मुख्य रस्ता जोडायला सहा दुवे पुरतात. पण यातला कुठलाही एक दुवा तुटला की त्याच्या पलीकडचं सगळं तुटतं. गोल फेरा केला तर एका बाजूनं बंद पडल्यावर दुसऱ्या बाजूनं बाहेर पडता येतं.

२२–२३ जुलै २०२१ च्या पावसात हे सगळ्यांनी पाहिलं. महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गेली. महाबळेश्वर–पोलादपूर मार्गावरचा आंबेनळी घाट खचून बंद पडला. अशा रात्री दुसरी वाट असणं म्हणजे जीव वाचणं.

पण हेही बघायला हवं की दुसरा रस्ता त्याच डोंगराच्या त्याच उतारावरून नेला, तर त्याच पावसात तोही बंद पडतो. कागदावर दोन वाटा दिसतात, प्रत्यक्षात एकच असते. पर्यायी मार्ग वेगळ्या सोंडेवरून, वेगळ्या ओढ्याच्या पाणलोटातून गेला तरच तो पर्याय.

आणि पर्याय दरवेळी डांबरीच हवा असंही नाही. कांदाटी खोऱ्याचं उदाहरण घ्या. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडच्या त्या गावांना तापोळा–बामणोलीकडे यायला लाँच आणि तराफा, आणि शिंदीवरून रघुवीर घाट उतरून खेडकडे जायला रस्ता. पावसाळ्यात रघुवीर घाटात दरडी येतात, तेव्हा पाण्यावरची वाट उपयोगी पडते. रुग्णाला झोळीतून नेता येईल अशी बांधीव पायवाट, ओढ्यावर पक्का साकव, गावात धान्य आणि औषधांचा चार महिन्यांचा साठा, हेलिकॉप्टर उतरेल एवढं सपाट माळरान. यांचा खर्च एका घाटरस्त्याच्या मानानं किरकोळ असतो. हे सगळं करूनही गाव अडकत असेल, तर फेऱ्याचा रस्ता जरूर मागावा, फक्त तो जंगलाच्या कडेनं, शेतीच्या हद्दीतून फिरवावा.

नेमकं 'जंगल' कुठलं धरायचं? आमच्या सात-बारावर तर मालकी लागलेली आहे.

यात भले भले अडकतात. भारतीय वन अधिनियम १९२७ खालची राखीव आणि संरक्षित वनं तर आहेतच. त्याशिवाय महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ खाली शासनाकडे गेलेल्या जमिनी आहेत, त्यातल्या काहींच्या सात-बारावर अजून जुनी नावं दिसतात. वर १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन प्रकरणातला आदेश, ज्यानं शब्दकोशातल्या अर्थानं जे जंगल आहे त्यालाही संरक्षण दिलं. आखणी सुरू करण्यापूर्वी प्रत्येक गटाचा सात-बारा, त्यावरचे फेरफार आणि वन विभागाचा नकाशा, तिन्ही एकत्र तपासा. एका गटात घोळ निघाला की सगळा रस्ता तिथेच अडून बसतो.

परवानग्या कुठल्या कुठल्या लागतात?

जागा कुठल्या वर्गात मोडते त्यावर आहे.

साधी वनजमीन असेल तर वन संवर्धन अधिनियम १९८० खाली वळतीकरणाचा, म्हणजे वनजमीन दुसऱ्या कामाला वापरण्याचा, प्रस्ताव. या कायद्याचं नाव २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' झालंय. प्रस्ताव केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर भरायचा, आधी तत्त्वतः मान्यता येते, अटी पूर्ण केल्या की अंतिम मान्यता. दोन टप्प्यांमध्ये वर्षं निघून जातात असा अनुभव आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे मोजणी आणि नकाशातल्या चुका. प्रस्ताव परत आला की दोष वन विभागाला दिला जातो, पण फाईल उघडून बघितली तर बऱ्याचदा आपल्याच नकाशातले अक्षांश–रेखांश ओढ्यात पडलेले असतात.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ लागतो आणि प्रस्ताव राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपर्यंत जातो. आपल्याकडे कोयना अभयारण्य (१९८५) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा आणि बफर धरून सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर. व्याघ्र प्रकल्पात, आणि दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या पट्ट्यातही, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला लागतो. शेवटचा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. आपली वाडी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर आहे म्हणून सुटलो असं नाही, ती भ्रमणमार्गात असू शकते.

महाबळेश्वर–पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथले नियम वेगळे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना मसुद्यांच्या फेऱ्यांत फिरते आहे, सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे पाहून ठेवलेलं बरं.

वनहक्क कायद्यात रस्त्यासाठी सवलत आहे म्हणतात. ती किती?

आहे, आणि वाड्या–वस्त्यांसाठी तीच सगळ्यात कामाची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे शाळा, दवाखाना, पाणीपुरवठा, रस्ता अशा १३ सुविधांसाठी, प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. निर्णय जिल्ह्याच्या पातळीवर होतो, दिल्लीला जावं लागत नाही.

१ हेक्टर म्हणजे रस्ता किती? ६ मीटर रुंदी धरली तर साधारण १,६६० मीटर. वाडी मुख्य रस्त्यापासून दीड किलोमीटरवर असेल तर काम भागतं. पाच किलोमीटरच्या रस्त्याचे तीन तुकडे करून तीन प्रस्ताव टाकायचे, ही युक्ती मात्र करू नये. ती तपासात उघडी पडते, आणि पुढच्या खऱ्या प्रस्तावाकडेही मग संशयानं बघितलं जातं. अभयारण्यात वन्यजीव कायदा वेगळा लागू असतो, ही सवलत त्याला बगल देत नाही.

रस्त्यालगतच्या वनजमिनीतून घरापर्यंत जायला?

२०२३ च्या दुरुस्तीत सरकारी देखभालीच्या सार्वजनिक रस्त्यालगत, वस्तीच्या प्रवेशासाठी ०.१० हेक्टरपर्यंत सूट आहे. त्यापलीकडे नाही.

आमचा रस्ता आजोबांच्या काळापासून आहे, फक्त कच्चा आहे. तोही नवीन धरणार का?

२५ ऑक्टोबर १९८० पूर्वी तो रस्ता होता हे सिद्ध झालं, आणि रुंदी न वाढवता त्याच जागेवर सुधारणा करायची असेल, तर वाट बरीच सोपी होते. पुरावा मात्र कागदी हवा. जुना गाव नकाशा, सर्वे ऑफ इंडियाचा टोपोशीट, जिल्हा परिषदेची रस्ते नोंदवही, वन विभागाच्या कार्य आयोजनेतला उल्लेख. म्हातारी माणसं सांगतात ते खरं असतं, पण फाईलला चिकटवता येत नाही.

एक जपावं. "आहे तोच रस्ता" म्हणून मान्यता घ्यायची आणि पोकलेन लावून दुप्पट रुंद करायचा, असे प्रकार घडतात. मग गुन्हा दाखल होतो, काम अर्धवट राहतं, आणि उघडा पडलेला डोंगर पहिल्याच पावसात खाली येतो.

घाटाचा चढ किती ठेवायचा? सरळ वर नेला तर जंगल कमी लागेल ना?

आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) निकषांप्रमाणे डोंगराळ भागात नेहमीचा चढ ५ टक्के, म्हणजे २० मीटर गेल्यावर १ मीटर वर. तीव्र उताराच्या भागात ६ टक्के चालतो, अगदी अडचणीच्या ठिकाणी थोड्या लांबीत ८ टक्के. गणित सोपं आहे. ६०० मीटर उंची चढायची तर ५ टक्क्यांनी १२ किलोमीटर, ६ टक्क्यांनी १० किलोमीटर. वाई ते पाचगणी साधारण एवढीच चढण आहे, पसरणी घाटाची लांबी का तेवढी आहे हे यावरून कळतं.

सरळ वर नेला तर लांबी घटते, पण पावसाचं पाणी डांबरावरून नदीसारखं सुटतं, एसटी चढत नाही आणि उतारावर ब्रेक तापतात. नागमोडी वळणं वाढवली तर प्रत्येक वळणापाशी डोंगर भरपूर कापावा लागतो. वळणाचा आतला किमान व्यास २८ मीटर, वळणात चढ जवळपास सपाट म्हणजे ४० ला १ इतकाच, आणि दोन वळणांमध्ये किमान ६० मीटर अंतर. हे सगळं बसवायला जागा लागते. वळणं एकाखाली एक रचली तर वरच्या रस्त्याचं सगळं पाणी खालच्या रस्त्यावर पडतं. घाटात एकाच ठिकाणी दरवर्षी खड्डे का पडतात, याचं उत्तर अनेकदा वरच्या वळणात सापडतं.

आपल्या सह्याद्रीची रचना इथं मदतीला येते. बेसाल्टचे आडवे थर असल्यामुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा असतो. कडा, मग माची, मग पुन्हा कडा. जुन्या पायवाटा माचीवरून लांबवर आडव्या जातात आणि सोंडेवर किंवा खिंडीत नेमकी जागा साधून वर चढतात. आखणी करताना गवळी धनगरांच्या वाटा आधी चालून बघाव्यात. ती माणसं आणि त्यांची जनावरं पिढ्यान्‌पिढ्या कमीत कमी दमणारी वाट शोधत आलीत.

उतारानं एवढा काय फरक पडतो?

कागद–पेन्सिल घ्या. डोंगराचा उतार ३० अंश, रस्ता ६ मीटर रुंद, सगळा डोंगर कापून काढलेला, आणि वरची कापलेली बाजू ४ ला १ अशी जवळपास उभी. कापलेली भिंत साधारण ४ मीटर उंच होते आणि दर किलोमीटरला सुमारे १२,००० घनमीटर माती–दगड निघतो. उतार ४५ अंश झाला की भिंत ८ मीटर आणि माल २४,००० घनमीटर. रस्ता तोच, खोदाई दुप्पट.

आता विचारायचा प्रश्न असा की हा माल जातो कुठे? अंदाजपत्रकात त्याची वाहतूक धरलेली असते. प्रत्यक्षात पुष्कळदा तो पोकलेनच्या बादलीनं दरीत ढकलला जातो. खालची झाडं मानेपर्यंत गाडली जातात, ओढा तुंबतो, आणि खालच्या वाडीच्या भातखाचरात पुढच्या पावसाळ्यात मुरूम येऊन बसतो. ग्रामसभेनं ठरावात एवढी एक ओळ तरी घालावी: निघालेला माल टाकण्याच्या जागा आधी दाखवा, गट नंबरसकट.

रस्त्यांमुळेच दरडी येतात का?

सरसकट नाही. २०२१ सारखा पाऊस झाला तर कधी हात न लागलेला उतारही सुटतो. पण चुकीच्या जागी केलेला काप डोंगर सुटायला कारण होतो, हेही तितकंच खरं.

सह्याद्रीत दोन जागा विशेष सांभाळायच्या. पहिली, कड्याच्या पायथ्याशी साठलेला सुट्या माती–दगडाचा ढिगारा. वरून तो छान झाडीचा उतार दिसतो, पण त्याचा पाया कापला की आधार जातो. दुसरी, जिथं बेसाल्टच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो. पाणी वरच्या भेगाळलेल्या खडकातून झिरपतं आणि त्या पट्ट्यापाशी अडून बाहेर पडतं. गावाचे झरे बहुधा याच रेषेवर असतात. तिथून रस्ता कापला की एक तर झरा आटतो, नाहीतर रस्ता कायम ओला राहून खचतो. अनेकदा दोन्ही होतं. झऱ्यांच्या जागा गावातल्या बायकांना तोंडपाठ असतात, आणि आखणीच्या पाहणीला मात्र त्यांना कुणी बोलावत नाही.

कोयना खोरं भूकंपाचं आहे, हेही ध्यानात हवं. ११ डिसेंबर १९६७ चा धक्का अजून सांगितला जातो. उभे काप आणि सुटे दगड अशा भागात जास्तच जपून.

पाण्याचा निचरा म्हणजे गटारच ना? ते तर काढतातच.

गटार काढतात, पण त्याचं पाणी कुठं सोडायचं हे ठरवत नाहीत. १ किलोमीटर लांब, ६ मीटर रुंद रस्त्यावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६ लाख लिटर पाणी होतं. पाटण–महाबळेश्वरकडे १०० मिलिमीटर हा साधा दिवस. शिवाय डोंगराच्या पोटातून झिरपणारं पाणी कापलेल्या भिंतीतून बाहेर येतं आणि त्याच गटारात पडतं. एवढं पाणी अर्धा किलोमीटर वाहवून एकाच मोरीतून खाली सोडलं, तर मोरीखाली दोन पावसाळ्यांत घळ तयार होते.

उपाय महागडे नाहीत. मोऱ्या जवळजवळ घ्याव्यात, पाणी थोडं थोडं करून बऱ्याच ठिकाणी सोडावं. प्रत्येक मोरीच्या तोंडाखाली दगडी फरसबंदी करावी. गटाराचं गढूळ पाणी थेट ओढ्यात न सोडता आधी झाडीत पसरू द्यावं. डोंगराच्या वरच्या अंगाला, कापापासून मागे सरकून पाणी अडवणारा चर काढावा. मोरीची नळी माणूस वाकून आत शिरून साफ करू शकेल एवढी मोठी ठेवावी, कारण आपल्या जंगलात पाण्याबरोबर पानं, फांद्या, दगड सगळंच येतं. छोटी नळी पहिल्या आठवड्यात बुजते आणि मग पाणी रस्त्यावरून जातं.

जिल्ह्याचे प्रमाणित नमुने बिनडोक वापरू नयेत. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला ५०० च्या आसपास. दोन्हीकडे एकाच मापाची मोरी टाकलेली दिसली की डोक्याला हात लावायची वेळ येते.

संगणकावर आखणी करून मिळते का?

पहिला अंदाज उत्तम मिळतो. जमिनीचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला उतार, ओढा, दाट झाडी, वनहद्द यांप्रमाणे खर्चाचा आकडा द्यायचा आणि संगणकाला सगळ्यात स्वस्त वाट काढायला सांगायची. इसरोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट उपग्रहाची ३० मीटर चौकोनांची उंचीची माहिती फुकट मिळते.

पण ३० मीटरच्या चौकोनात १० मीटरचा कडा हरवून जातो. आणि दाट झाडीला खर्चाचा आकडा किती द्यायचा हे माणूसच ठरवतो. तो आकडा शून्य ठेवला की संगणक बिनदिक्कत देवराईतून रस्ता काढून देतो. म्हणून संगणकाकडून दोन–तीन पर्याय घ्यावेत आणि प्रत्येक पर्याय पायी चालून बघावा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर जुलैत.

सहा मीटरच्या पट्टीनं जंगलाचं असं काय बिघडतं?

१ किलोमीटर रस्त्याखाली ०.६ हेक्टर जमीन जाते, हिशोब एवढाच मांडला जातो. परिणाम दोन्ही बाजूंना फक्त १०० मीटरपर्यंत पोचतो असं धरलं तरी २० हेक्टर होतात. ऊन आत शिरतं, जमीन सुकते, रानमोडी आणि घाणेरी ही तणं कडेनं आत सरकतात. शेकरू जमिनीवर उतरायला नाखूष असतं, त्याला फांदीला फांदी लागलेली हवी. पावसाळी रात्री बेडूक आणि साप गरम डांबरावर येतात आणि चिरडले जातात.

यातून आखणीचं एक सूत्र निघतं. रस्ता जंगलाच्या मधून नेण्याऐवजी शेत आणि जंगल यांच्या सीमेवरून नेला, तर एका बाजूला आधीच उघडी जमीन असते आणि नवं नुकसान निम्म्यावर येतं. दोनशे–तीनशे मीटर लांबी वाढली तरी हा सौदा फायद्याचा. आणि ३.७५ मीटरचा डांबरी पट्टा पुरत असेल तर ५.५ मीटरचा मागू नये. वर फांद्या मिळालेल्या राहतील एवढी रुंदी बघावी.

पुस्तकात वनरस्त्यांची 'घनता' दिलेली असते, दर हेक्टरी अमुक मीटर. ती वापरावी का?

ती लाकूडतोडीच्या जंगलांसाठी आहे. तिथं रस्ते जवळजवळ केले तर बांधकामाचा खर्च वाढतो, लांब लांब केले तर ओंडके ओढण्याचा खर्च वाढतो, आणि दोन्हींची बेरीज जिथं कमीत कमी तिथं अंतर ठरवतात. कोयना–चांदोलीत ओंडके ओढायचे नाहीत, मग ते सूत्र आणून उपयोग काय? आपल्याकडे सरासरी घनतेपेक्षा न चिरलेला सगळ्यात मोठा तुकडा केवढा उरतो, हे मोजावं. २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासात रस्त्यांनी पृथ्वीच्या जमिनीचे ६ लाखांहून जास्त तुकडे झालेले दिसले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त १ चौरस किलोमीटरपेक्षाही लहान होते. प्रत्येक प्रस्तावासोबत "रस्त्याआधी सगळ्यात मोठा तुकडा एवढा, रस्त्यानंतर एवढा" हे दोन आकडे सक्तीचे केले तर निम्मे वाद तिथेच मिटतील असं आम्हाला वाटतं.

प्राण्यांसाठी खालून मार्ग केले की झालं ना?

जिथं मोठा महामार्ग टाळताच येत नाही तिथं ते करायलाच हवेत, आणि ते चालतात. नागपूर–शिवनी मार्गावर पेंचच्या जंगलात महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ रचना आहेत आणि त्यांखालून वाघ, रानकुत्री, चितळ जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेलेत. आपल्याकडे हा मुद्दा कराड–चिपळूण मार्गाला लागू पडतो. कुंभार्ली घाटाकडे जाणारा हा रस्ता हेळवाकच्या परिसरात कोयना आणि चांदोली यांच्या मधून जातो, म्हणजे उत्तर–दक्षिण फिरणाऱ्या जनावराला तो ओलांडावाच लागतो. तिथं रुंदीकरणाचं कुठलंही काम निघालं तर मोठे, उंच, आरपार उजेड दिसणारे मार्ग पहिल्याच अंदाजपत्रकात हवेत. नंतर बसवायला जाल तर तिप्पट धावपळ.

वाडीच्या ग्रामीण मार्गाला याची गरज नसते. तिथं मोरी थोडी उंच आणि कोरडी कड असलेली बांधली तरी साळिंदर, उदमांजर, मुंगूस खालून जातात.

वणवा विझवायला रस्ते हवेतच, नाही का?

थोडे हवेत. फेब्रुवारी ते मे या काळात गाडी पोचली तर माणसं आणि पाणी लवकर पोचतं. पण वणवे बहुतेक माणसानंच लावलेले असतात आणि माणूस रस्त्यानंच आत जातो. त्यामुळे सध्याचे रस्ते आणि जाळरेषा (वणवा अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे) यांची सांगड घालावी, रस्त्याकडेचं गवत जानेवारीतच कापावं, आणि वनमजुरांसाठी पायवाटा नीट ठेवाव्यात. वणव्याच्या नावाखाली नवा डांबरी रस्ता मागणाऱ्या प्रस्तावाकडे आम्ही जरा तिरकसच बघतो.

कासचं काय चुकलं, काय बरोबर झालं?

यवतेश्वरवरून कास आणि पुढे बामणोली हा रस्ता पठाराच्या अगदी अंगावरून जातो. २०१२ मध्ये कास जागतिक वारसा यादीत आलं आणि गर्दी कैक पटींनी वाढली. रस्ता फुलांच्या दारातून जात असल्यावर गाडी कुठं थांबेल हे कुणी सांगायला नको. सड्यावर, म्हणजे अशा खडकाळ पठारावर, मातीचा थर काही बोटांचाच असतो, त्यावर चाक गेलं की वर्षानुवर्षं भरून येत नाही. बरोबर झालं ते असं की वाहनतळ पठारापासून लांब नेले, येणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली, आणि कुमुदिनी तळ्याकडे जुन्या राजमार्गावरून पायीच जावं लागतं. नव्या पठारांच्या बाबतीत धडा एकच: गाडीरस्ता पठाराच्या खाली थांबवा, वर माणूस चालत जाऊ दे.

पवनचक्क्यांसाठी केलेले रस्ते आता वापरात नाहीत. ते बंद करता येतात का?

करता येतात, आणि करावेत. वनकुसवडे–चाळकेवाडी पट्ट्यात पवनचक्क्यांचे अवजड भाग वर चढवायला रुंद रस्ते निघाले. ते गावांचं जाळं बघून आखलेले नव्हते. काही पुढे गावांना उपयोगी पडले, ते ठेवावेत आणि जिल्हा परिषदेच्या नोंदीत घ्यावेत. ज्यांच्या टोकाला कुणी राहत नाही त्यांचं तोंड चर खणून बंद करावं, नळ्या काढून ओढे मोकळे करावेत, माती खणून भुसभुशीत करावी. कारवी आणि गवत आपसूक येतं. नुसतं फाटक लावून मोऱ्या तशाच ठेवल्या, तर त्या बुजतात आणि देखभालीविना रस्ता घसरतो.

झाडं तोडली तर दुप्पट लावतात. मग हरकत काय?

रस्त्यासारख्या लांबट कामांना दुप्पट क्षेत्राच्या विरळ वनजमिनीवर वनीकरण करून देता येतं, शिवाय निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे गेलेल्या जंगलाची पैशातली किंमत, भरावं लागतं. पैसा कॅम्पा या भरपाई वनीकरणाच्या निधीत जातो. पण कोयनेच्या सदाहरित पट्ट्यातला अंजन–जांभळाचा उतार गेला आणि बदल्यात पूर्वेकडच्या माळावर रोपं लागली, तर कोयनेच्या शेकरूला त्याचा काही उपयोग नाही. वनीकरण त्याच खोऱ्यात, शक्यतो तुटलेला भ्रमणमार्ग जोडणाऱ्या जागी मागा. ग्रामसभा असं सुचवू शकते.

सागरेश्वरला यातलं काय लागू होतं?

फारसं नाही. ते सुमारे ११ चौरस किलोमीटरचं, कुंपणातलं, माणसांनी उभं केलेलं कोरड्या भागातलं अभयारण्य. तिथं नव्या रस्त्यापेक्षा हरणं शेतात उतरतात हा प्रश्न मोठा.

वाडीची लोकसंख्या कमी म्हणून ग्रामसडक योजनेत बसत नाही. काय करावं?

पंतप्रधान ग्रामसडक योजनेत साधारण अट ५०० लोकसंख्येची आहे, डोंगरी राज्यं आणि आदिवासी क्षेत्रं अशांना २५०. आपल्या बऱ्याच धनगरवाड्यांत पन्नास–शंभर माणसं. अशा ठिकाणी डोंगरी विकास कार्यक्रम आणि वनहक्क कायद्याचं कलम ३(२) यांची जोडी लावावी. डांबराचा हट्ट सुरुवातीला सोडावा. नीट निचरा असलेला, चढाच्या जागी काँक्रीटच्या दोन पट्ट्या टाकलेला खडीचा रस्ता जीप आणि रुग्णवाहिका वर्षभर नेतो.

रात्री रस्ता बंद ठेवायची अट घातली तर गावानं मान्य करावी का?

अट कशी लिहिलीय ते बघून. बंदीपूरमधून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद आहे आणि रुग्णवाहिका व ठरावीक बस सोडल्या जातात. गावापाशी संपणाऱ्या रस्त्यावर अशी बंदी घालण्यात फारसा अर्थ नाही, तिथं रात्री गाड्याच नसतात. आरपार रस्त्यावर असेल तर पाठिंबा द्यावा, पण ठरावात चार गोष्टी मागून घ्याव्यात: आजारी माणसाची आणि बाळंतिणीची गाडी विनाचौकशी सोडणं, स्थानिकांना पास, फाटकावर रात्रभर माणूस आणि चालू फोन, आणि दरड आल्यास फाटक उघडण्याचा अधिकार जागेवरच्या वनरक्षकाला. चौथी मागणी सहसा कापली जाते. ती सोडू नका.